उन्हातली फांदी

माझं शिक्षण सातवीपर्यंतच झालं आहे. शुद्धलेखन चुकलं, शब्द साधे वाटले, तर सांभाळून घ्या.

डिजिटल कॅमेरे नवे होते तेव्हाची गोष्ट. जांभळाच्या एका झाडावर पोपट आणि कावळा राहायचे. खालच्या घरातल्या हिराताईंना ग्रंथालयाच्या भिंतीसाठी एका पक्ष्याचा काळा-पांढरा फोटो हवा होता. त्यांनी दोघांचेही फोटो काढले, पण मध्ये कपड्यांची दोरी आली. कॅमेरा ओट्यावर ठेवून त्या दोरी सोडायला गेल्या.

दोघं पक्षी खाली येऊन कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकले. उन्हात बसलेल्या कावळ्याचं पीस न् पीस चमकत होतं. पोपट मात्र पानांसारखाच करडा, चोचही करडीच.

"राघोबा, तू आहेस कुठे?" कावळा हसला. "आयुष्यभर तुझ्या रंगावर जळलो रे मी!"

आता पोपट जळला. "कावळेदादा, उन्हात तू फिकट दिसतोस," तो गोड आवाजात म्हणाला. "सावलीत शोभशील." कावळा लगेच सावलीत जाऊन बसला.

हिराताईंनी पुन्हा फोटो काढले. कावळ्याचा नुसता काळा डाग आला आणि पोपट पानांत सापडेचना. "उद्या बघू," म्हणत त्या आत गेल्या.

"तू चांगलंच सांगितलंस रे," कावळा हळूच म्हणाला. "माझंच रूप तसलं."

पोपटाला तोंडातलं जांभूळ गिळवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराताईंच्या दाराची कडी वाजली, तेव्हा पोपट उन्हातल्या फांदीवरची पानं एकेक करून तोडत होता. जागा मोकळी झाल्यावर त्याने हाक मारली, "दादा, इथे बस."