पाव फेरा

"पण उस्ताद, आणि एक फेरा दिला तर काय बिघडंल?"

दाऊद उस्तादांनी डिझेल पंपाचा, जास्त डिझेल सोडून ताकद वाढवणारा स्क्रू पाव फेरा फिरवला होता. तेवढ्यावर त्यांनी पाना पुसला आणि खिशात टाकला.

"पाव पुरे."

कुंभार्ली घाट जिथं चढू लागतो, तिथं उस्तादांचं गॅरेज. निवास शेलार याच गॅरेजात हात काळे करून शिकलेला. आता त्याची स्वतःची टोइंग गाडी होती. घाटात बंद पडलेले ट्रक ओढून वर काढायचे, हा त्याचा धंदा. मालक झाल्यापासून त्याची मान जरा जास्तच ताठ झाली होती.

ती मान मागच्या महिन्यात खाली गेली. फरशांनी भरलेला ट्रक वळणावर ओढताना त्याच्याच गाडीची पुढची चाकं उचलली. स्टिअरिंग फिरवावं तरी गाडी वळेना, आणि बाजूला दरी. निवासनं घाबरून ट्रक तिथंच सोडला. मागं खोळंबलेल्या बसमधलं वऱ्हाड नवरदेवासकट पायी घाट चढलं.

तेव्हापासून ड्रायव्हर त्याला 'धूरपाटील' म्हणत. धूर भरपूर, काम शून्य. आणखी एकदा अशी फजिती झाली असती, तर त्या रस्त्यावर त्याला कुणी बोलावलं नसतं.

"मला ताकद पायजे, उस्ताद. मोठा टर्बो बसवू."

"हवेचा पाइप फाटला होता, बदलला. नोझल साफ केले. रेडिएटर मोठा घातला. स्क्रू पाव फेरा. झालं तुझं काम."

"एवढ्यात काय हुतंय? मी तर दोन म्हैन्यामागंच गाडी हलकी पण केली. पुढच्या बंपरवरचं लोखंड कापून काढलं. उगं नाकावर कशाला वझं?"

उस्तादांनी मोकळ्या बंपरकडं एकदा बघितलं.

मग ते बाकड्याच्या एका टोकाला जाऊन बसले. चहावाल्याला हाक मारली.

"ये. चहा घे."

निवास दुसऱ्या टोकाला टेकला. बाकडं जुनं, पाय मधोमध सरकलेले. त्यानं पहिला घोट घेतला आणि परत टर्बोचं सुरू केलं.

उस्ताद अलगद उठले.

बाकडं उलटलं. निवास जमिनीवर, चहा शर्टावर.

"उस्ताद! ढकलताय कशाला?"

"मी? मी नुसता उठलो."

निवास रागानं काहीतरी बोलणार होता. पण त्याची नजर समोर उभ्या असलेल्या आपल्या गाडीवर गेली. मागं हूक लटकत होता. पुढं मोकळा बंपर...

मग त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"लोखंड कुठं आहे?" उस्तादांनी विचारलं.

"घरामागं. म्हस बांधलीया त्याला."

"म्हशीला दुसरा खुंटा ठोक."

त्याच दिवशी लोखंड परत बंपरवर चढलं. जाता जाता निवासनं एकदा उस्तादांच्या खिशातल्या पान्याकडं बघितलं. खोड अशी एका दिवसात जात नाही.

"पाव पुरे," उस्ताद म्हणाले. त्यानं विचारलंही नव्हतं.

आणि बोलावणं आलं तेही नेमकं त्याच वळणावरून. साखरेच्या पोत्यांनी भरलेला ट्रक चढावर आडवा बंद पडलेला. वर गाड्या, खाली गाड्या. मधल्या एका जीपमध्ये बाळंतपणाला निघालेली बाई, आणि तिची आई रस्त्यावर येऊन ज्याला त्याला हात जोडत होती.

"आला बघा धूरपाटील!" कुणीतरी ओरडलं.

निवास खाली उतरला. त्यानं साखळी अडकवली, पहिला गिअर टाकला आणि पाय जपून दाबला. साखळी ताणली. इंजिन घुमलं...

पुढची चाकं रस्त्याला चिकटून राहिली.

ट्रक हलला. मग वळला. भरल्या गाडीचा बैल चालतो तसा निवास हळूहळू चढत राहिला, पण थांबला म्हणून नाही. मागं धुराची पुसटशी रेघ, बस्स. रस्ता मोकळा होताच सगळ्यात आधी जीप सुटली, आणि खालून वरपर्यंत गाड्यांचे हॉर्न वाजू लागले. ज्यानं त्याचं धूरपाटील हे नाव पाडलं होतं, तोच ड्रायव्हर टपावर चढून टॉवेल फिरवत होता. अशा वेळी कुणाचीही छाती फुगते. निवासची तर चांगलीच फुगली, आणि का फुगू नये?

तो हॉर्न वाजवतच खाली गॅरेजपाशी आला.

"उस्ताद! वडला! त्याच वळणावर वडला! पुढचं चाक बोटभर उचललं न्हाई!"

उस्तादांना फार आनंद झाला. त्यांनी तो बोलून दाखवला नाही. दोन चहा सांगितले आणि खिशातून पाना काढला.

"घे. तुझी गाडी, तुझा स्क्रू. हवा तेवढा फिरव."

निवासनं पाना घेतला. बॉनेट उघडलं. पाना स्क्रूवर बसवला...

मग काढला. बॉनेट लावून तो परत आला आणि पाना उस्तादांपुढं धरला.

"ऱ्हाऊ द्या, उस्ताद. पाव पुरं."

उस्तादांनी हात मागं घेतला.

"मग आता पाना तुझ्याकडंच ठेव."