पहिल्या मालकाचा फोन

जुन्या गाड्यांच्या धंद्यात तात्यासाहेब मोहित्यांचा शब्द सांगलीत कोणी खोडत नसे. शेजारी नव्याने राहायला आलेल्या रेवतीला गाडी घ्यायची होती, म्हणून सुनंदाताई तिच्यासोबत त्यांच्याकडे गेल्या. तिथली निळी गाडी दिसताच त्या थबकल्या. नंबर त्यांना पाठ होता. दोन वर्षांपूर्वी घाटात चेपलेली ही गाडी विमा कंपनीने भंगारात काढली होती. आता ती नव्यासारखी चकाकत होती.

"सिंगल ओनर गाडी आहे," तात्यासाहेब चारचौघांत म्हणाले. "मालक प्राध्यापक. परदेशी गेले, म्हणून विकली. कालच त्यांचा फोन होता."

"कुठे ठोकलेली नाही ना?" रेवतीने विचारलं.

"साधा ओरखडाही नाही."

सुनंदाताई शांतपणे म्हणाल्या, "मग मलाही त्यांना फोन लावून द्या. मी त्यांची बायको. गाडीला ओरखडाही नव्हता, तर ते दोन वर्षं घरी का आले नाहीत, एवढंच विचारते."

तात्यासाहेबांची मान खाली गेली. बाकीची गिऱ्हाइकं बाहेर पडली.

"चांगलं गप्प केलंत त्यांना," रेवती वाटेत म्हणाली.

सुनंदाताईंनी डोळे पुसले. "कालच फोन होता म्हणाले ना, तेव्हा क्षणभर मला खरंच वाटलं गं."