खिंडीतला चढ

गावात विजेवरची सायकल अजून नवलाची होती, तेव्हाची ही गोष्ट. हौसाक्काच्या सायकलीमागे दोन चाकांची एक जोडगाडी असे. दळण, भाजी, गॅसची टाकी, सगळं तिच्यातूनच यायचं. दर मंगळवारी अक्का तिच्यात गोधडी अंथरून आजारी सासऱ्यांना, आबांना, खिंडीपलीकडच्या दवाखान्यात न्यायची. निघण्याआधी सायकलीला गाडी जोडणारी खीळ निसटू नये म्हणून तिला सुतळीचा वेढा घट्ट आवळायची.

"ओढायचं मी आणि आयतं बसायचं तू," सायकल गाडीला म्हणायची. "तू नसतीस तर वाऱ्याशी बोलले असते."

"आणि जायचं कुठं?" गाडीने विचारलं.

त्यानंतर आठवडाभर येता-जाता सायकल खिळीची सुतळी लोखंडावर घासत राहिली. मंगळवारी खिंडीच्या ऐन चढावर तिने अंग झटकलं. सुतळी तुटली, खीळ निसटली आणि गाडी आबांसकट मागे घरंगळली. गाडीने जिवाच्या आकांताने चाक वळवलं आणि कडेच्या मुरमाच्या ढिगात स्वतःला रुतवून घेतलं.

"आबा!" अक्का सायकल टाकून उताराने धावली.

आबा धड होते. "गाडीनंच धरलं गं पोरी," ते म्हणाले.

अक्काने गाडीचा दांडा हातात घेतला. आबांना गाडीतूनच ओढत ती पायी चढ चढू लागली आणि सायकलीजवळून न थांबता पुढे गेली.

सायकल रस्त्यात आडवी पडून होती. मागे ओझं नव्हतं, बॅटरी भरलेली होती आणि तिला कुठंच जायचं नव्हतं.