आधी हौशीला सांग

“शेळीला? मी? शेळीला सांगू?”

शार्दूल टेकडी चढून घामाघूम झाला होता. काखेत लॅपटॉप, कपाळावर आठ्या. सॉफ्टवेअर कंपनीतला मोठा आर्किटेक्ट. हाताखालची पोरं तोंडावर ‘सर’ म्हणायची, पाठीमागे काय म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दिगूबाबा बाजेवर आडवे. जन्मभर प्रोग्राम लिहिले, डोळे थकले तेव्हा टेकडीवर येऊन राहिले. ज्याचा प्रोग्राम अडला तो वर चढायचा. रीत ठरलेली. अडचण आधी हौशीला सांगायची, मग बाबांना.

हौशी म्हणजे शेळी.

“बाबा, वेळ नाहीये हो! रक्तपेढीचं अ‍ॅप आहे. हॉस्पिटलची एकच मागणी दोनदा नोंदली जातेय. एकाकडे दुप्पट बाटल्या, दुसऱ्याला नकार! चूक माझ्या हाताखालच्या त्या मृदुलाची. संध्याकाळी तिला कायमची घरी पाठवणारच आहे. तुम्ही फक्त तिच्या कोडमधली ओळ दाखवा.”

“हौशीला सांगितलंस?”

शार्दूलने घड्याळाकडे बोट दाखवलं.

“पहिल्यापासून सांग. तिनं तोंड फिरवलं, की पुन्हा पहिल्यापासून.”

शार्दूल दातओठ खात गोठ्यात गेला.

“ऐका, हौशीबाई. आमचं आर्किटेक्चर मायक्रोसर्व्हिसेसचं असून...”

हौशीने तोंड फिरवलं.

“अहो, स्केलेबल आहे ते!”

आता पाठच फिरवली.

“पहिल्यापासून!” बाजेवरून आवाज आला. डोळे मिटलेलेच.

“बाबा, हिला काही कळत नाही!”

“मग कळेल असं सांग.”

शार्दूल मटकन खाली बसला. लेंड्यांतच बसला, पण ते त्याला नंतर कळलं.

“हे बघ बाई. हॉस्पिटल म्हणतं, रक्त द्या. अ‍ॅप ती मागणी रक्तपेढीला पाठवतं. रक्तपेढी कळवते, मिळाली. संपलं!”

हौशी रवंथ करत बघत होती.

“संपलं म्हटलं ना? बघतेस काय?”

बघत होती.

“बरं, बाई, बरं! कधीकधी ते ‘मिळाली’ यायला उशीर होतो. मग आम्ही धरून चालतो, की मागणी पोचलीच नाही. म्हणून तीच पुन्हा पाठवतो. ती सोय मी स्वतः घातलीय. मृदुला नको नको म्हणत होती तरी घातली. कारण मागणी वाटेत हरवली तर...”

तो थांबला.

“...आणि हरवलेलीच नसली तर?”

हौशीचा जबडा चालूच होता.

लॅपटॉप उघडला गेला. प्रत्येक मागणीवर तिची वेगळी खूण चिकटली. आता तीच मागणी पुन्हा आली, तर रक्तपेढी तिला ओळखणार होती, दुसऱ्यांदा नोंदणार नव्हती. मग त्याने फोन लावला.

“मृदुला... ती चूक... नाही, तुझी नाही. माझी... हो, बरोबर ऐकलंस. पुन्हा म्हणायला लावू नकोस!”

पँट झटकत तो बाजेपाशी आला. राग उतरायचं नाव नाही.

“सापडली, बाबा! माझी मीच शोधली. तुम्ही आपले झोपून! आणि तुमची ती हौशी... एक शब्द बोलली नाही!”

बाबांनी कूस बदलली.

“म्हणून तर ती आधी. मला मेली बोलायची खोड आहे.”