व्याह्यांच्या हातचं तेल

एका राज्यात सीमेचे दगड चालू लागले. रोज सूर्य उगवला की प्रत्येक दगड एक पाऊल राजधानीकडे सरके, आणि त्याच्या मागे सुटलेल्या जमिनीवर चूल पेटत नसे. लाकूड सुकं असो, फुंकणारी सुगरण असो, ठिणगी धरतच नसे. माणसं भांडीकुंडी डोक्यावर घेऊन आत आत येऊ लागली.

सीमेचा रखवालदार होता जयमल्ल. वीस वर्षांच्या चाकरीनंतर राजाने त्याला आणि त्याच्या शिपायांना तिथेच शेतं दिली होती. ज्याचं घर सीमेवर, तो सीमा जिवापाड राखील, असं त्या राज्याचं धोरण होतं. आता पहिला दगड जयमल्लाच्या अंगणापासून नऊ पावलांवर आला होता.

राजा शूरकेतू शूर होता, पण त्याला धीर नव्हता. त्याने हुकूम केला, "दगडांना साखळ्या घाला." साखळ्या तुटल्या. "दगडांपुढे हत्ती उभे करा." हत्ती बाजूला झाले, हत्ती शहाणे असतात. "मग देव रागावला असेल. दगडांना रोज पळीभर तेल घालता, ते घडाभर घाला." घडाभर तेल घातलं, आणि त्या दिवशी दगड तीन पावलं सरकले.

जयमल्ल कपाळाला हात लावून दगडाशी बसला. शेजारी ढेकळांत एक टिटवी अंडी उबवत होती. तिचं ओरडणं अशुभ म्हणून शिपाई तिला खडे मारत. जयमल्लाने कधी मारला नव्हता.

टिटवी म्हणाली, "जिकडून तेल मिळतं तिकडे दगड जातो. यात नवल ते काय?"

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"कोणी विचारलं नाही."

मग तिने सगळं सांगितलं. हे दगड पूर्वी एका मांत्रिकाने रोवले होते. अल्याडचा आणि पल्याडचा, दोन्ही हातांचं तेल मिळेल तोवर हलायचं नाही, असं त्याने त्यांना बजावलं होतं; माणसं ही अट विसरली, पण रीत पाळत राहिली. दरवर्षी सीमेवरच्या नदीच्या दोन्ही तीरांची माणसं जमत, तेल घालत आणि एका पंगतीत जेवत. पुढे राजाने चोरांच्या भीतीने दगडांबाहेर भिंत घातली. सात वर्षं दगडांनी वाट पाहिली, यंदा ते निघाले.

"तीन कामं कर," टिटवी म्हणाली. "भिंतीला दार पाड. पल्याड जा. आणि ज्याच्यावर तुझा हुकूम चालत नाही, त्याच्या हाताने तेल घालून घे."

"जो एक वीट काढील त्याचं डोकं उडवायचं, असा हुकूम आहे."

"मीही ऐकलाय," म्हणून टिटवी अंड्यांवर नीट बसली.

पल्याडच्या गावात जयमल्लाची लेक शालवती दिली होती. सात वर्षांत त्याने तिचं तोंड पाहिलं नव्हतं. भिंतीवर पहारा करताना तो त्या गावाकडे पाठ करून उभा राही, कारण पाहिलं की पहाऱ्यावर लक्ष राहत नसे. त्याने पहार उचलली. दार पडेस्तोवर दुपार झाली. पागोटं धुळीत पडलं, ते उचलायलाही तो थांबला नाही.

पल्याड ओट्यावर गावाचा नायक भुजंगनायक बसला होता. शालवतीचा सासरा तो. त्याने तोंड फिरवलं.

"कोण आपण?"

"व्याही, मी जयमल्ल. दगडाला तेल घालायची आणि पंगतीची अक्षत घेऊन आलोय."

"आम्हांला एक व्याही होते. सात वर्षांत ना निरोप, ना सणाला बोलावणं."

पाचशे शिपाई ज्याच्या शब्दावर उठत, तो इथे ओट्याखाली धुळीत उभा होता. तो म्हणाला, "राजाच्या हुकमाने भिंत मीच बांधली. लेकीकडे पाठ करून उभा राहिलो. आज घर जातंय म्हणून आलो, हेही खरं."

आतून शालवती तांब्या घेऊन आली. "मामंजी, बाबा उन्हातून आलेत. आधी पाणी, मग रुसवा."

भुजंगनायकाने जयमल्लाकडे नीट पाहिलं. "बोडक्याने आलात?"

"भिंतीला दार पाडलंय. उद्या डोकंच राहायचं नाही."

नायक उठला. "सूनबाई, तेलाची बुधली काढ."

ते परतले तेव्हा दगडाशी राजा उभा होता, हातात नागवी तलवार.

"विटा कोणी काढल्या?"

"मी, महाराज."

तलवार वर गेली. भुजंगनायक मात्र कोणासाठी थांबला नाही. त्याने दगडाच्या पल्याडच्या अंगाला तेल घातलं, जयमल्लाने अल्याडच्या. दगड हलला, वळला आणि सर्वांदेखत पावलापावलाने नदीकडे निघाला. बाकीचे दगडही निघाले. जुन्या खळग्यांत जाऊन ते बसले, आणि ओस पडलेल्या जमिनीवर एकेक चूल पेटू लागली.

राजाने तलवार खाली घेतली. "आता?"

"आता पंगत," भुजंगनायक म्हणाला. "आपणही बसा."

राजा बसला. भिंतीला दार राहिलं, दाराशी पहारा राहिला. शिपाई चोराला धरत आणि पाहुण्याला आत घेत. टिटवीची पिल्लं धिटाईने शेतात फिरू लागली. आणि जयमल्लाचं डोकं धडावर राहिलं. पंगतीआधी व्याह्यांनी स्वतःच्या हाताने त्यावर फेटा बांधला, सात वर्षांचा राग काढत, चांगला घट्ट. जयमल्लाने तो दिवसभर सैल केला नाही.