सावळीचा चढ

माळावर माणसांची वस्ती नव्हती, त्या काळी तिथे सावळी नावाची सायाळ राहायची. एकदा वणवा पेटला. बाकीचे प्राणी केव्हाच ओढ्यावर पोहोचले. सावळी पोहोचली ती शेपटी होरपळून. तेव्हापासून ती रोज पहाटे टेकडीकडे धावू लागली. शेजारचा तित्तर सोबतीला यायचा.

आपल्यात काही फरक पडतोय का, याचं तिला भारी कुतूहल. दम लागेल तिथली माती ती नखांनी उकरून ठेवायची, पण रानडुकरं ती खूण राहू देत नसत. सशाबरोबर धावून पाहिलं, तर तो पूर्वीसारखाच क्षणात दिसेनासा झाला.

एका सकाळी धावता धावताच तिने विचारलं, "तित्तरदादा, मी सुधारतेय की नाही हे कळायचं तरी कसं? पाय अजून जडच वाटतात. ससाही हाती लागत नाही. तू रोज बघतोस ना मला? मग सांग की काहीतरी."

तित्तर चार पावलं मागे पडला. मग धापा टाकत म्हणाला, "जरा थांब गं बाई. या चढावर मला बोलवत नाही."

सावळी थांबली आणि मागे वळून बघतच राहिली. अख्खा चढ ती बोलत बोलत चढून आली होती.