चाळीस पोपटांची पाठशाळा

एका राज्यात पाटीवर अक्षर टिकत नव्हतं. पोरानं 'ग' काढावा, लेखणी उचलावी, की 'ग' गायब! सात वर्षं झाली, गावोगावच्या सरकारी पाठशाळांतून एक पोर वाचायला शिकून बाहेर पडलं नाही. दरबाऱ्यांची मुलं मात्र वाड्यातल्या पंडितांकडे शिकत आणि त्यांची अक्षरं छान टिकत. मग दरबाराला कसली आलीय चिंता?

एके दिवशी राजा म्हणाला, "ज्यांच्या नशिबी अक्षर नाही त्यांना पाठशाळा कशाला? येत्या पौर्णिमेला सगळ्यांना कुलपं ठोका."

अमात्या मृगावती उठून उभी राहिली. खैरगावच्या असल्याच पाठशाळेत शिकून ती इथवर आली होती आणि तपासणीचं काम तिच्याकडेच होतं. ती म्हणाली, "महाराज, पाठशाळा उत्तम आहेत, मी स्वतः तपासल्या आहेत. शाप तेवढा हटवायला हवा. पौर्णिमेपर्यंत मुदत द्या."

"दिली," राजा म्हणाला.

ती बाहेर पडली तोच राजमांत्रिकाच्या पिंजऱ्यातला म्हातारा पोपट खो खो हसला. "उत्तम म्हणे! बाईसाहेब, तुमची पालखी निघण्याआधी दवंडी पिटतात ना? ती ऐकली की मांत्रिक चाळीस सतरंज्या उडवतो. त्यांवर आम्ही चाळीस पोपट. शाळेत उतरलो की आम्ही मुलं बनतो; खऱ्या पोरांना त्या दिवशी सुट्टी आणि शाळेची पडझड मंत्रानं झाकलेली. आम्ही पाढे म्हणतो, तुम्ही पाठ थोपटता, लिहून दाखवा असं कधी म्हणत नाही. मग सतरंज्या पुढच्या गावी. सात वर्षं तुम्ही आम्हालाच तपासताय."

मृगावतीच्या अंगाची लाही लाही झाली. मांत्रिकाचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा. "शाप सुटेल कसा?"

"तीन कामं करा. दवंडीवाचून पायी जा. दिसेल ते लिहून भर दरबारात वाचा. तिसरं काम पाटी सांगेल."

मृगावती पायी खैरगावला गेली. छपराला भगदाड, जमिनीला ओल, साठ पोरं कोऱ्या पाट्या घेऊन बसलेली आणि गुरुजी सोमदत्त काखेत वळकटी मारून दारात.

"कुठे निघालात गुरुजी?"

"राजाचे हत्ती मोजायला, बाईसाहेब. मागच्या महिन्यात मोर मोजले, त्याआधी तळ्यातले मासे. शिकवण्याचा हुकूम काही अजून आलेला नाही."

तिनं सगळं लिहून घेतलं, एका पोरीची पाटी मागून घेतली आणि दरबारात येऊन खणखणीत आवाजात वाचलं. पहिलंच वाक्य होतं, "सात वर्षं मी 'उत्तम' असा शिक्का मारला, तो खोटा होता." तिकडे मांत्रिकाच्या सतरंज्या धपाधप खाली पडल्या, पिंजऱ्यांची दारं उघडली, चाळीस पोपट उडून गेले.

दरबारी ओरडले, "राज्याची अब्रू वेशीवर टांगलीत!"

"अब्रू? पोरांच्या डोक्यावर छप्पर नाही, आणि तुम्हाला अब्रूची पडलीय? लाज कशी वाटत नाही!"

तेवढ्यात तिच्या हातातल्या पाटीवर आपोआप अक्षरं उमटली: 'तुझी लेक कुठे शिकते?'

मृगावतीनं ती ओळ पुन्हा वाचली. तिची इरावतीही वाड्यातच शिकत होती.

पौर्णिमेच्या सकाळी ती लेकीचं बोट धरून खैरगावला आली आणि तिला पोरांमध्ये बसवलं. इरावती कुरकुरली, "आई, इथे सतरंजी नाही."

"सगळ्यांना मिळेल तेव्हा तुलाही मिळेल. लिही."

इरावतीनं 'ग' काढला, लेखणी उचलली. 'ग' जागच्या जागी! शेजारच्या कुंभाराच्या पोरीनं घाईघाईनं काढला, तिचाही टिकला. मग जो गलका उडाला, तो वेशीपर्यंत ऐकू गेला.

कुलपं घेऊन आलेला राजा दारातच थबकला. मृगावतीनं विचारलं, "महाराज, युवराज कुठे बसतील?"

राजानं कुलपं नदीत टाकली. दुसऱ्या दिवशी युवराज कुंभाराच्या पोरीशेजारी ओल्या जमिनीवर बसला, आणि दरबाऱ्यांची मुलं आपापल्या गावच्या पाठशाळेत. आणि काय चमत्कार पाहा, सात वर्षं न झालेली छपरं पंधरा दिवसांत झाली! गुरुजी शिकवू लागले. हत्ती आता राजमांत्रिक मोजतो.

शाप सुटला, राज्य सावरलं. त्या पोरांची अक्षरं टिकली तशी साऱ्यांच्या पोरांची टिकोत, आणि तपासणीची पालखी तुमच्या गावी दवंडीवाचून येवो.